खोलीतली दुसरी खाट

आमच्या शाळेतला पाचवीचा एक चुणचुणीत मुलगा उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत मला एक कोडे घालून गेला. वडिलांच्या मोबाइलवर त्याने परदेशातला कुठलासा खेळ पाहिला होता. वर्गात पाऊल टाकताच म्हणाला, “गुरुजी, दोन्ही बाजूंच्या सगळ्या गड्यांच्या पाठीवर एकच नंबर होता, बेचाळीस! मग पंचाला कोण कुठला ते कळतं कसं?”

मी मॅट्रिक झालेला मास्तर. रात्री कंदील लावून लिहिलेल्या दोन-चार कादंबऱ्या एवढीच माझी विद्वत्ता. खोखो, लंगडी आणि क्रिकेट यांच्यापलीकडचे मैदान मी पाहिलेले नाही. “उद्या सांगतो,” असे ठेवणीतले उत्तर देऊन मी वेळ मारून नेली. पण मुले विसरत नाहीत. तो रोज विचारू लागला, आणि मला शोध घेणे भाग पडले. त्या शोधात मला एक माणूस भेटला. माझ्यासारखाच खेड्यातला मास्तर. आणि त्याच्या पाठोपाठ माझे स्वतःचेच एक जुने देणे माझ्यापुढे येऊन उभे राहिले. फराळाचे ताट शेजारी ठेवून आपण हा अंक उघडला असेल, तर वाचकहो, घटकाभर ही गोष्ट ऐका. गोष्टीत शेवटी एक ताटही येणार आहे.

आधी तो खेळ सांगतो. बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊ म्हणावा असा अमेरिकन खेळ. मुसळासारखे गोल दांडके, आणि मैदानात चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठिकाणे, त्यांना बेस म्हणतात. एका बेसपासून दुसरा नव्वद फुटांवर. चेंडू टप्पा न घेता सरळ येतो. तो फेकणारा पिचर, आणि फलंदाजाच्या पाठीमागे उकिडवा बसून तो झेलणारा कॅचर. आपला यष्टिरक्षकच म्हणा. फटका मारून चारही बेसना शिवून आला की एक धाव. यात आणखी एक गंमत असते. बेसवर उभा असलेला गडी पिचरचा डोळा चुकवून पुढच्या बेसवर पळ काढतो. याला ते लोक राजरोस ‘चोरी’ म्हणतात. ही चोरी पकडायची कामगिरी कॅचरची. त्याने विजेसारखा चेंडू फेकून पळणाऱ्याला बाद करायचे. हे एवढे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

तर आपला नायक असा एक कॅचर होता. नाव वेस्ली ब्रँच रिकी. जन्म २० डिसेंबर १८८१, ओहायो राज्याच्या दक्षिण भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरी. आईबाप मेथॉडिस्ट पंथाचे, मोठे भाविक. त्या पंथाच्या संस्थापकाचे, जॉन वेस्लीचे, नाव त्यांनी मुलाला ठेवले. गावाकडे हायस्कुलाची सोय नव्हती. मुलाने घरीच पुस्तके जमवली, लॅटिनसारखी अवघड भाषा आपली आपण शिकला, आणि शिक्षकाची परीक्षा देऊन टर्की क्रीक नावाच्या खेड्यात मास्तर झाला. पगार दरमहा ३५ डॉलर. हायस्कुलाचे तोंड न पाहिलेला हा मास्तर दोन वर्षे पोरे सांभाळत राहिला आणि पै पै साठवीत राहिला. पुढे साऱ्या अमेरिकेने ज्याला आदराने नमस्कार केला त्या माणसाला मी इथे एकेरीत संबोधतो आहे, याचे कारण एवढेच की त्याचा हा मास्तरकीचा काळ वाचला आणि तो मला आपल्यातलाच वाटू लागला.

१९०१ साली तो डेलावेअर गावच्या ओहायो वेस्लियन कॉलेजात दाखल झाला. खिशात फार काही नव्हते. म्हणून उन्हाळ्यात पोर्टस्मथच्या संघाकडून पैसे घेऊन बेसबॉल खेळला. आता कॉलेजातल्या खेळाचा नियम असा, की ज्याने खेळाचे पैसे घेतले तो धंदेवाईक, त्याला कॉलेजच्या संघात जागा नाही. बोभाटा झाला. कॉलेजचे अध्यक्ष जेम्स बॅशफर्ड यांनी मुलाला बोलावून घेतले. त्यांच्या हाती पोर्टस्मथच्या संघाकडून आलेले पत्र होते. रिकीला आम्ही काही दिले नाही, असे त्यात लिहिलेले. मुलाला वाचवण्यासाठीच कोणीतरी ते प्रेमाने लिहिले होते. रिकीने मान हलवली असती तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण तो म्हणाला की पत्रातला मजकूर खरा नाही, पैसे मी घेतले आहेत. झाले! संघातून नाव गेले. मात्र बॅशफर्ड माणूस पारखणारे होते. बेसबॉल संघाचा प्रशिक्षक गेला तेव्हा १९०३ साली त्यांनी या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यालाच ती जागा दिली. खरे बोलल्यामुळे खेळाडूपण गेले आणि खरे बोलल्यामुळेच प्रशिक्षकपण मिळाले. मी ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मागच्या बाकावरचा एक जण पुटपुटला, “असं पुस्तकातच होतं.” पण हे पुस्तकात घडलेले नाही.

रिकीची जागा गेली, ती कॅचरची. त्या जागी कधी पहिल्या बेसवर तर कधी पाठीमागे चेंडू झेलायला उभा राहू लागला चार्ल्स टॉमस. चांगला धिप्पाड, हसतमुख मुलगा. संघात काळ्या वर्णाचा तो एकटाच.

इथे थोडे मागे गेले पाहिजे. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८६५ साली. त्या कामात पुढाकार घेणाऱ्या तिथल्या सज्जनांना आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक आदराने अर्पण केले, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण कायद्याने बेडी तुटली म्हणून मनातली गाठ सुटत नाही. धंदेवाईक बेसबॉलमध्ये १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर नावाचा काळा कॅचर टोलीडोच्या संघातून वरच्या दर्जाचे सामने खेळला होता. मिशिगन विद्यापीठात शिकलेला गृहस्थ. परंतु १८८७ पासून क्लबांच्या मालकांनी आपसांत ठरवून टाकले की यापुढे काळ्यांशी करार करायचे नाहीत. नियम कुठेही लिहिलेला नव्हता. लिहिलेला नियम खोडता तरी येतो. न लिहिलेला नियम खोडणार कसा? तो साठ वर्षे टिकला. ओहायो वेस्लियनसारख्या काही कॉलेजांत मात्र एखाददुसरा काळा विद्यार्थी गोऱ्यांबरोबर खेळे. टॉमस त्यांतला.

१९०३-०४ च्या सुमाराची गोष्ट. नोत्र दामच्या संघाशी सामना होता, म्हणून रिकी आपली पोरे घेऊन इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावी गेला. मुक्काम ऑलिव्हर हॉटेलात. गावातले ते मोठे नामांकित हॉटेल. एकेका मुलाचे नाव वहीत चढत होते. टॉमसची पाळी आली तसा कारकुनाचा हात थांबला. या मुलाला इथे उतरता येणार नाही, असे त्याने सांगितले. टॉमस म्हणाला, मी आपला घरी परत जातो. रिकीने त्याला थांबवले. मॅनेजरशी हुज्जत घातली. शेवटी तोड निघाली ती अशी, की टॉमसचे नाव वहीत लिहायचे नाही, पण रिकीच्या खोलीत त्याने राहायला हरकत नाही. रिकीने तिथे आणखी एक खाट मागवली.

बाकीच्या मुलांची व्यवस्था लावून रिकी खोलीत आला. टॉमस खाली मान घालून बसला होता. तो रडत होता, आणि एका हाताने दुसऱ्या हाताची कातडी ओढत होता, चोळत होता; जणू तो रंग खरवडून काढता आला तर सगळे ठीक होईल. हा रंग गेला असता तर, असेच काहीसे तो म्हणत होता. हे सारे रिकीने पुढे आयुष्यभर अनेकांना सांगितले. तो म्हणे, ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून कधी हलले नाही.

मी हे वाचले आणि पुस्तक मिटून ठेवले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एका शाळेत नवा मास्तर होतो. मुलांचा खोखोचा संघ घेऊन मी तालुक्याच्या गावी गेलो होतो. बारा पोरे. रात्रीच्या जेवणाची सोय गावातल्या एका प्रतिष्ठित घरी केलेली. माणसे अगत्याची, “या मास्तर, बसा मास्तर” असे हसून स्वागत करणारी. माजघरात पंगत मांडली होती. मी मोजले तर पाने अकरा. बारावे पान बाहेर पडवीत, खांबाशी. कोणी काही बोलले नाही. घरच्या बाईंनी कोणाला “तू तिकडे बस” असे म्हटले नाही. आमच्या संघातला सर्वांत चपळ मुलगा, पाळीवर सहज पाच-पाच मिनिटे टिकणारा, आपण होऊन पडवीत गेला आणि त्या पानावर बसला. त्याला सांगावे लागले नाही, हेच मला आजही सलते. ते त्याला कोणीतरी, कधीतरी, फार लहानपणीच शिकवून ठेवले होते. त्या शाळेचा मास्तर मी नव्हतो, पण त्या रात्री मी परीक्षक मात्र झालो, आणि त्याला पास केले. मी माझ्या भाताकडे पाहिले आणि जेवलो. वाढणाऱ्याने आग्रह केला तेव्हा आणखी थोडे वरणही घेतले.

माझे पान उचलून पडवीत नेणे फार अवघड होते का? दहा पावलांचे अंतर होते. रिकीने एक खाट मागवली. मला खाटही मागवायची नव्हती.

असो. माझे रडगाणे पुरे, आपण रिकीकडे वळू.

कॉलेज संपत आले तसा तो धंदेवाईक बेसबॉलमध्ये शिरला. १९०४ साली सिनसिनाटीच्या मोठ्या संघाने त्याला घेतले. रविवार आला तेव्हा स्वारी म्हणाली, मी आज खेळणार नाही. रविवारी मैदानावर जायचे नाही असे आईला वचन दिले आहे. रविवार म्हणजे क्लबाच्या कमाईचा दिवस! संघाच्या मॅनेजरने त्याला तिथल्या तिथे निरोप दिला. पुढे १९०५ मध्ये सेंट लुइसच्या ब्राउन्स संघातून तो पहिला मोठा सामना खेळला. १९०६ साली जेन मोल्टनशी लग्न केले, आणि त्या मोसमात चांगले फटकेही मारले. पण १९०७ साली न्यूयॉर्कच्या संघात गेला तेव्हा खांदा दुखावलेला होता. २८ जून १९०७ या दिवशी वॉशिंग्टनच्या गड्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत एकाच सामन्यात तेरा बेस चोरले. घरात तेरा वेळा चोर शिरावा आणि घरमालकाने नुसते बघत राहावे, अशी गत! हा नकोसा विक्रम अजूनही त्याच्या नावावर आहे. सगळा हिशेब केला तर मोठ्या दर्जाचे एकशे वीस सामने, आणि शंभर वेळा दांडके हाती घेतले तर चोवीसेक वेळा यश. खेळाडू म्हणून ब्रँच रिकी सामान्यच होता, असे म्हणायला हरकत नाही.

त्यावर १९०९ साली क्षयाने गाठले. न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेकच्या आरोग्यधामात त्याने महिनोन् महिने काढले. बरा झाला तो थेट मिशिगन विद्यापीठात कायदा शिकायला गेला, आणि खर्च भागावा म्हणून तिथल्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षकपण मागून घेतले. १९१० ते १९१३ असे चार मोसम त्याने ते केले. मधल्या काळात आयडाहो राज्यात वकिलीची पाटी लावून पाहिली. पहिलाच अशील तुरुंगात होता. त्याने या वकिलाला आपादमस्तक न्याहाळले, तंबाखूची पिंक टाकली आणि चालता हो म्हणून सांगितले, असे रिकी पुढे हसत सांगे. वकिली तिथेच आटोपली. कायद्याचे नुकसान झाले असेल, पण शिक्षणाचे कल्याण झाले.

कारण हा माणूस मुळात मास्तरच होता. खेळ हा नुसत्या अंगातल्या रगीचा नाही, तो शिकवता येतो, असा त्याचा पक्का विश्वास. फळ्यावर आकृत्या काढून तो व्याख्याने देई. बेसवर घसरत कसे जावे हे शिकवायला वाळूचे खड्डे खणवी. जुने खेळाडू हसत. मिशिगनात त्याच्याकडे पहिल्या वर्गातला एक बुजरा, डावखुरा पोरगा आला, जॉर्ज सिस्लर. इंजिनियरिंगचा विद्यार्थी. त्याने सतराव्या वर्षी, बापाला न विचारता, एका क्लबाच्या करारावर सही करून ठेवली होती. पैसा मात्र एकही घेतला नव्हता. त्या कराराच्या फासातून सुटण्याची वाट रिकीने दाखवली. आपल्यावर एकदा काय प्रसंग आला होता हे तो विसरला नव्हता. हाच सिस्लर पुढे ब्राउन्स संघातून खेळला, आणि १९२० साली एका मोसमात त्याने २५७ वेळा फटका मारून बेस गाठला. तो विक्रम २००४ साली जपानच्या इचिरो सुझुकीने मोडीपर्यंत चौऱ्याऐंशी वर्षे उभा होता. सामान्य खेळाडूचा शिष्य असामान्य निघाला. आम्हा मास्तर लोकांना याहून गोड बातमी कोणती?

पुढची तीस वर्षे रिकी मैदानावरून कचेरीत सरकत गेला. सेंट लुइसचा कार्डिनल्स क्लब अगदी कफल्लक होता. तयार खेळाडू विकत घेण्याची ऐपत नाही, तेव्हा आपणच रोपे लावावीत, अशी युक्ती त्याने काढली. लहान लहान गावांतले संघ ताब्यात घ्यायचे, तिथे पोरे तयार करायची, आणि निवडक तेवढी वर आणायची. तीसहून अधिक संघांचा असा मळा त्याने पिकवला. १९२६ साली कार्डिनल्सने जागतिक मालिका जिंकली. रिकीचे नाव झाले, पैसाही झाला. आणि पैशाबरोबर चिकटपणाची कीर्तीही पसरली. खेळाडूंना पगार देताना त्याचा हात आखडे. रविवारी तो स्वतः मैदानावर जात नसे, पण रविवारच्या तिकिटांचे पैसे क्लबाला चालत, यावरून लोक टोमणे मारीत. टोमणे अगदीच खोटे नव्हते.

याहून मोठी गोष्ट अशी. सेंट लुइसच्या ज्या मैदानावर कार्डिनल्स खेळत, तिथे काळ्या प्रेक्षकांना वेगळे बसवीत. मैदान दुसऱ्या क्लबाच्या मालकीचे होते, हे खरे. पण १९१७ ते १९४२ अशी पंचवीस वर्षे रिकी त्या गावात मोठा माणूस म्हणून वावरला आणि ही रीत चालूच राहिली. ती मोडली १९४४ साली, तो तिथून गेल्यावर. टॉमसचे रडणे ज्याच्या डोळ्यांपुढून हलले नाही, तो मनुष्य पंचवीस वर्षे त्या वेगळ्या सज्ज्याकडे पाहत कसा राहिला? त्याचे चरित्र वाचताना मी इथे फार वेळ अडलो. मग लक्षात आले की या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात शोधायला नको. मनाला लागणे वेगळे आणि हात उचलणे वेगळे. या दोहोंमध्ये माणूस पंचवीस वर्षे आरामात राहू शकतो. घरदार करतो, नाव कमावतो, देवाची प्रार्थनाही करतो. मी वीस वर्षे राहिलो आहे.

त्या वर्षांची किंमत मात्र दुसऱ्यांनीच मोजली. काळ्या खेळाडूंचे वेगळे संघ होते, वेगळे सामने होते. त्यांतला जॉश गिब्सन हा कॅचर असा, की चेंडू मैदानाबाहेर टोलवण्यात त्याचा हात धरणारा क्वचितच कोणी असेल. तो जानेवारी १९४७ मध्ये, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी वारला. दार उघडायला तीन महिने उरले होते. पुढे २०२४ साली त्या संघांचे आकडे मुख्य आकड्यांत मिसळण्यात आले, तेव्हा साऱ्या इतिहासात फटक्यांच्या सरासरीत सर्वांत वरचे नाव गिब्सनचे निघाले. मेलेल्या माणसाला पहिला नंबर मिळाला. मिळाला हे बरे झाले. पण त्याला तो कोण सांगणार?

१९४२ च्या अखेरीस रिकी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या डॉजर्स क्लबाकडे आला. वय साठीच्या पुढे. दुसरे महायुद्ध चालू होते. काळे शिपाई देशासाठी मरत होते. काळ्यांची वर्तमानपत्रे, विशेषतः पिट्सबर्ग कुरियरचा वेंडेल स्मिथ, वर्षानुवर्षे लिहीत होती की जो देशासाठी मरू शकतो तो चेंडू का खेळू शकत नाही. १९४५ साली न्यूयॉर्क राज्याने नोकरीत वर्णभेदाला बंदी करणारा कायदा केला. वारे फिरले होते. रिकीलाही जिंकायचे होते, तिकिटे खपवायची होती. एकट्या सद्भावनेने हे झाले असे मी सांगितले तर ती लबाडी होईल. पण वारे सगळ्यांनाच लागत होते; शीड उभारले ते त्याने.

त्याने गुपचूप माणसे पाठवून काळ्या खेळाडूंची पारख केली. पाठवलेल्यांत मिशिगनचा शिष्य सिस्लरही होता. नाव ठरले जॅकी रॉबिन्सन. जॉर्जिया राज्यातल्या एका गरीब शेतकरी घरात १९१९ साली जन्मलेला, कॉलेजात शिकलेला, सैन्यात अधिकारी झालेला. बसमध्ये मागे जाऊन बैस असे सांगितल्यावर तो उठला नव्हता, म्हणून १९४४ साली त्याच्यावर लष्करी खटला भरला गेला आणि तो निर्दोष सुटला होता. म्हणजे मुकाट ऐकून घेणाऱ्यांतला तो नव्हे.

२८ ऑगस्ट १९४५. ब्रुकलिनच्या माँटेग्यू रस्त्यावरची रिकीची कचेरी. रॉबिन्सन समोर बसला. रिकीने कोट काढला आणि नाटकच सुरू केले. तो शिव्या देणारा प्रतिस्पर्धी झाला, उद्धट वेटर झाला, हाकलून देणारा रेल्वे कंडक्टर झाला. आणि हॉटेलात खोली नाकारणारा कारकूनही झाला! वाचकहो, तो कारकून त्याने कुठे पाहिला होता हे आपल्याला माहीत आहे. रॉबिन्सनने विचारले, उलट हात उचलायला भिणारा खेळाडू तुम्हाला हवा आहे का? रिकीने उत्तर दिले की, हात न उचलण्याचे धैर्य ज्याच्यात आहे असा मला हवा आहे. तीन वर्षे तोंडातून शब्द काढायचा नाही, असे ठरले. सांगणे सोपे होते. सोसायचे होते रॉबिन्सनला.

१९४६ साल त्याने माँट्रियलच्या संघात काढले, आणि १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर पहिल्या बेसवर उभा राहिला. पाठीवर आकडा ४२. त्या मोसमात त्याने काय ऐकले ते दिवाळीच्या अंकात छापण्याजोगे नाही. फिलाडेल्फियाच्या संघाच्या मॅनेजरने मैदानावर त्याला अर्वाच्य शिव्या दिल्या. त्याच शहरातल्या एका हॉटेलाने, संघात काळा गडी आहे म्हणून, सबंध संघालाच जागा नाकारली. साउथ बेंडला चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती आणि कारकुनाचा हात वहीवर अजून थांबतच होता. फिलाडेल्फिया शहराने याबद्दल २०१६ साली रीतसर क्षमा मागितली. त्या वेळी रॉबिन्सन जाऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती. रॉबिन्सनने उत्तर दिले ते खेळाने. नवोदितांत पहिला मान, १९४९ साली लीगचा सर्वोत्तम खेळाडू, आणि १९६२ मध्ये बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनात जागा. मोठे बेस चोरण्यात तर तो असा पटाईत निघाला, की ज्याच्या समोर एके दिवशी तेरा चोऱ्या झाल्या त्या म्हाताऱ्याला धन्य वाटले असेल.

इथेही रिकीचा चिकटपणा सुटला नाही हेही सांगून टाकतो. रॉबिन्सन ज्या काळ्या संघाकडून खेळत होता, त्या कॅन्सस सिटी मोनार्क्सना त्याने एक पैही दिली नाही. माणसे अशीच असतात. एका हाताने दार उघडतात आणि दुसऱ्या हाताने खिसा धरून ठेवतात.

१३ नोव्हेंबर १९६५ रोजी मिझूरी राज्यातल्या कोलंबिया गावी रिकीचा सत्कार होता. इस्पितळातून उठून तो आला होता. धैर्य या विषयावर बोलत असतानाच, आता मला पुढे बोलता येणार नाही असे म्हणून तो कोसळला, आणि ९ डिसेंबरला वारला. १९६७ साली त्याचेही नाव मानकऱ्यांच्या दालनात लागले. चार्ल्स टॉमस पुढे दंतवैद्य झाले. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात त्यांनी व्यवसाय केला आणि रिकीशी त्यांचा स्नेह शेवटपर्यंत राहिला. लक्षात आले ना, आता माझ्या लेखणीने त्यांना आपोआप ‘ते’ म्हटले? ज्याच्या रडण्याने एका माणसाचे आयुष्य वळले, त्याने स्वतः काय काय सोसून आपले आयुष्य उभारले असेल! गोष्ट सांगताना आपण खाट मागवणाऱ्याचे नाव घेतो. खाटेवर बसलेल्याचे फारसे कोणी घेत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी वर्गाला ही सारी हकीकत सांगितली. १९९७ साली अमेरिकेतल्या सर्व मोठ्या संघांनी ४२ हा आकडा रॉबिन्सनच्या मानासाठी बाजूला ठेवला, आता तो कोणाही नव्या गड्याला मिळत नाही. फक्त १५ एप्रिलला सगळेच्या सगळे तो घालतात. त्या दिवशी कोण कुठला ते कळू नये, हाच त्यातला अर्थ, असेही सांगितले. कोडे घालणारा मुलगा विचार करीत बसला. मग म्हणाला, “गुरुजी, मग त्या टॉमसचा नंबर कितवा होता?”

“त्या काळी पाठीवर नंबर नसत, बाळ.”

“आणि हॉटेलच्या वहीत नाव पण लिहिलं नाही?”

“नाही.”

तो गप्प झाला. मीही.

आमच्या त्या खोखोच्या संघातला मुलगा आता मोठा झाला आहे. तालुक्याला नोकरी करतो, दोन मुलांचा बाप आहे. एस. टी. स्टँडवर भेटला की वाकून नमस्कार करतो, “गुरुजी, घरी या” म्हणतो. मी दर वेळी “येतो रे” म्हणतो आणि गाडीत चढतो. त्या पडवीतल्या पानाविषयी आम्ही दोघे कधी बोललो नाही. त्याला ते आठवते की नाही असे म्हणून मी आजवर स्वतःला फसवीत आलो. त्याला आठवत नसेल तर मला तरी कशाला आठवावे?

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर पाडवा आलेला असेल. त्या दिवशी सकाळच्या गाडीने मी त्याच्या घरी जाणार आहे. आधी पत्र टाकले आहे, म्हणजे माघार नको. त्यात सगळे लिहिले नाही. पोस्टकार्डावर मावणारे ते नव्हे. एवढेच लिहिले की, जेवायला येतो, माझे पान तुझ्या शेजारी मांड.